यादीतले त्रेचाळीस

सुसाना गावितला ही बातमी विसरवाडीच्या चौफुलीवर कळली, तीही एका ट्रकवाल्याच्या तोंडून. नवलसिंग नावाचा हा माणूस दर हंगामात त्यांच्या बाजूची ओली मिरची नंदुरबारच्या बाजारात नेई. चहाचा ग्लास हातात घेऊन तो सहज बोलून गेला, "तुमच्या कंपनीचा ड्रायर बसतोय ना तापीकाठी, प्रकाशा गावाला? काल मीच दोन खेपा खडी टाकून आलो तिथे."

सुसानाने हातातली पिशवी खाली ठेवली. "कुठे म्हणालास?"

"प्रकाशाला. तुमच्या सचिवांच्या, ललित पाटलांच्या काकांचं शेत आहे ना, त्याच्या बांधाला. पाया भरून झालाय."

तिने पिशवी उचलली आणि बाजार तसाच अर्धा सोडून ती घराकडे चालू लागली.

कंपनी म्हणजे रंगतापी मिरची उत्पादक कंपनी. सभासद एकशे चार. त्यातले एकसष्ट तापीकाठचे, बहुतेक सगळे पाटील. उरलेले त्रेचाळीस नवापूर तालुक्याच्या डोंगराकडचे, गावित, वसावे, वळवी. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला आणि उघड्यावर वाळत घातलेली डोंगराकडची मिरची दोन दिवसांत काळी पडली. सुसानाच्या भावाने, पौलसने, ती फावड्याने ओढून नाल्यात टाकली होती. तेव्हापासून मिरची वाळवायच्या ड्रायरची मागणी होती, आणि गेल्या वर्षीच्या सभेत तो विसरवाडीला बसवायचं ठरलंही होतं. जागा बदलायची तर पुन्हा सभा घ्यावी लागणार. सभा घ्यायची तर एकवीस दिवस आधी प्रत्येक सभासदाला ई-मेलने नोटीस जायला हवी. हा नियम लिहिताना सुसाना स्वतः हजर होती.

घरी येऊन तिने पौलसला विचारलं, "दादा, सभेची नोटीस आली होती का तुला?"

पौलस पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करत बसला होता. "मला काय येतं? तो यादीवाला दोन महिने झाले मुका बसलाय. मला वाटलं, बिघडला असेल."

यादीवाला हे नाव डोंगराकडच्या लोकांनीच ठेवलं होतं. सुसानाने नंदुरबारच्या एका कॉलेजात बावीस वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळली होती. कंपनी निघाली तेव्हा सगळे म्हणाले, व्हॉट्सअॅपचा ग्रुप करू. ती नको म्हणाली. ग्रुपमध्ये कोण काय पुसून टाकतं त्याचा पत्ता लागत नाही, आणि डोंगरात कित्येक ठिकाणी नेट इतकं मंद की फोटो अर्धा दिवस फिरत राहतो. तिने जुन्या पद्धतीची मेलिंग लिस्ट उभी केली. तिचे दोन पत्ते होते. एका पत्त्यावर लिहिलं की मजकूर सगळ्या सभासदांना जाई. दुसऱ्या पत्त्यावर माणूस नसे, यंत्र असे. त्याला साध्या मेलमध्ये एका शब्दाचा हुकूम लिहायचा. सबस्क्राइब लिहिलं की तो यादीत घेई, अनसबस्क्राइब लिहिलं की काढी, हेल्प लिहिलं की सगळे हुकूम लिहून पाठवी. दोन ओळींची मेल कितीही वाईट नेटवर्कमधून निघून जाते. सुरुवातीला लोक चुकून भलत्याच पत्त्यावर हुकूम पाठवत आणि मग 'अनसबस्क्राइब' एवढीच मेल एकशे चार जणांना जाई. पाटलांकडची मंडळी त्यावर हसत. सुसाना न चिडता प्रत्येकाला पुन्हा समजावून सांगे.

आता तिने फोन घेतला, मागच्या परड्यात आंब्याखाली, जिथे रेंज धरे तिथे उभी राहिली आणि यंत्राला सभासदांची यादी मागवणारा हुकूम पाठवला. चार मिनिटांनी उत्तर आलं. उत्तर इंग्रजीत होतं आणि एका ओळीचं होतं. हा पत्ता यादीत नाही, सभासद नसलेल्याला यादी मिळत नाही.

तिने पौलसचा फोन मागून त्याच्या पत्त्यावरून तोच हुकूम पाठवला. तेच उत्तर आलं. शेजारच्या वसाव्यांकडे गेली, तिथेही तेच. संध्याकाळपर्यंत तिने अकरा फोन तपासले. एकही पत्ता यादीत नव्हता.

"आपण काढून घेतलं का नाव?" वसाव्यांच्या म्हाताऱ्याने घाबरून विचारलं. "माझ्या बोटाने काही दाबलं गेलं असेल का?"

"तुमच्या बोटाने नाही, बाबा," सुसाना म्हणाली. "दाबणारं बोट दुसऱ्याचं आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती नंदुरबारला गेली. कंपनीचं ऑफिस बाजार समितीच्या मागच्या गल्लीत, एका दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. जिन्यातच मिरचीचा ठसका नाकात बसे. बाहेरच्या खोलीत चारुलता बसली होती. सुसानाच्या हाताखाली तिने तीन वर्षं लॅबमध्ये काढली होती आणि ही नोकरी तिला सुसानाच्याच शब्दावर मिळाली होती. सुसानाला पाहून ती उठली, पण पूर्वीसारखी पुढे आली नाही.

"या मॅडम. फोन केला असता तर..."

"फोन केला असता तर तू सुट्टीवर गेली असतीस. आमचे पत्ते यादीतून कोणी काढले?"

चारुलताने टेबलावरचा कागद सरळ केला. "पत्ते साफ केले होते ऑगस्टमध्ये. ज्यांच्या मेल परत येत होत्या, ते."

"माझी मेल परत येत होती?"

"मला आठवत नाही."

"माझा पत्ता तुला पाठ आहे, चारू. तू कॉलेजात होतीस तेव्हापासून आहे. तो हाताने टाइप करताना तुला आठवलं नाही?"

चारुलताची मान खाली गेली, पण आवाज कडक झाला. "मॅडम, मी इथे पगारी आहे. मला जे सांगतात ते मी करते. तुम्ही ऑफिसात येऊन माझ्यावर ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये. ओरडले असते तर खाली रस्त्यावर माणसं थांबली असती."

आतल्या खोलीचा पडदा सरकवून ललित पाटील बाहेर आला. कंपनीचा सचिव, चाळिशीच्या आतला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन फोन. त्याने हात जोडले आणि खुर्ची दाखवली. सुसाना बसली नाही.

"काय व्हयनं, ताई?"

"सभा कधी झाली?"

"चौदा सप्टेंबरले. नोटीस सगळासले धाडेल शे. आते तुम्हना लोके मेल उघडतच नहीत, त्याले मी काय करो?"

"आमच्यापर्यंत नोटीस पोचली नाही, कारण आम्ही यादीतच नव्हतो."

"मग तुम्हना लोकेसनीच नाव काढी टाकं व्हई." तो हसला आणि मग तिच्याशी बोलायचं म्हणून अहिराणी सोडून शाळेतलं मराठी काढलं. "पूर्वी नाही का, सगळे जण अनसबस्क्राइब, अनसबस्क्राइब लिहून पाठवायचे? तसंच काहीतरी झालं असेल. शिकलेलं माणूस तिकडे तुमच्याशिवाय कोण आहे?"

बावीस वर्षं सुसानाने हे वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं होतं; कधी कौतुकाच्या सुरात, कधी असं. "सगळ्या त्रेचाळीस जणांनी एकाच महिन्यात?" ती म्हणाली.

"पुढच्या सभेत विचारा. सव्वीस ऑक्टोबरला प्रकाशाला आहे, मागचं इतिवृत्त कायम करायला. नोटीस यादीवर गेलेली आहे." तो पडद्याशी थांबला. "तुम्हाला मिळाली नसेल, म्हणून तोंडी सांगतो."

उतरताना जिन्यात तिने एकदा मागे वळून पाहिलं. चारुलता उभीच होती.

एसटीत बसल्यावर सुसानाचं डोकं चालू लागलं. सभासद स्वतः बाहेर पडतो तेव्हा यंत्र त्याला आधी एक आकडा पाठवतं, आणि तो आकडा त्याने परत लिहून पाठवला तरच नाव निघतं. असा आकडा एकालाही आला नव्हता. याचा अर्थ काढणाऱ्याकडे यादीच्या मालकाचा, म्हणजे ती चालवणाऱ्याचा पासवर्ड होता. मालकाच्या हुकुमाला खात्री लागत नाही. तरीसुद्धा ज्याचं नाव निघतं त्याला यंत्र निरोपाची एक मेल पाठवतंच: तुम्हाला यादीतून कमी करण्यात आलं आहे. तीही कोणालाच आली नव्हती. ती अडवायला एकच युक्ती होती. हुकुमाच्या आधी 'क्वाएट' हा शब्द लिहायचा, म्हणजे गुपचूप. मग यंत्र काम करतं आणि ज्याचं नाव गेलं त्याला काही कळवत नाही.

हा शब्द ललितला ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याला स्वतःची मेल प्रिंट करता येत नसे. तो शब्द तापीपासून डोंगरातल्या रंगावली नदीपर्यंत दोनच माणसांना माहीत होता. एक ती स्वतः, आणि दुसरी, जिला तिने तो लॅबमधल्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसवून शिकवला होता. विसरवाडी येईपर्यंत तिने समोरच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. उतरताना बोटं आखडली होती.

घरी आल्यावर तिने लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं आणि मालकाचा जुना पासवर्ड टाकून यंत्राला एक हुकूम पाठवला. तो बदलला असेल अशी तिची खात्री होती. यंत्राने तो मुकाट्याने स्वीकारला. कोणी बदललाच नव्हता.

तिने मागवली होती ती बदलांची नोंद. यादीत कोण कधी आलं, कोण कधी गेलं आणि कोणत्या हुकुमाने गेलं, हे सगळं यंत्र स्वतःशी लिहून ठेवतं. थोड्या वेळाने ती नोंद मेलने आली. चार ऑगस्ट, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं ते दोन बावन्न. त्रेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत ऑफिसचा पत्ता, 'क्वाएट', 'डिलीट' आणि पुढे एका माणसाचा पत्ता. पहिल्याच ओळीत तिचा स्वतःचा. तिला आधी काढलं होतं, कारण मालक म्हणून प्रत्येक बदलाची खबर तिला गेली असती.

पौलस मागे उभा राहून वाचत होता. त्याला इंग्रजी फारसं येत नसे, पण नावं ओळखता येत होती. तो बोट टेकवत खाली खाली गेला. वसावे, वळवी, गावित, पुन्हा गावित. स्वतःच्या नावाशी थांबला.

"पासवर्ड अजून चालतो म्हणालीस ना?"

"चालतो."

"मग त्यांचे एकसष्ट काढ. गुपचूप. सव्वीस तारखेच्या आत. त्यांनाही कळू दे."

सुसानाने नाही म्हटलं नाही. तिने सभासदांची यादी मागवली, कोरी मेल उघडली आणि ओळी लिहायला घेतल्या. क्वाएट, डिलीट, रतिलाल पाटील. क्वाएट, डिलीट, ललित पाटील. तिची बोटं भराभर चालत होती आणि तिला ते आवडत होतं. लॅबमधली बावीस वर्षं, ते "तुमच्या लोकांना जमत नाही" ऐकत काढलेले दिवस, सगळं त्या ओळींतून खाली उतरत होतं. चोपन्न ओळी झाल्यावर ती थांबली.

"काय झालं?" पौलस म्हणाला.

"ही मेल गेली की याच नोंदीत खाली माझ्या नावाच्या एकसष्ट ओळी लागतील. आणि सभेत ललित फक्त त्या वाचून दाखवेल."

"वाचू दे. आपलं गेलं ते गेलंच आहे."

"तुझं गेलं असेल, दादा. माझं नाव असं नाही जाऊ द्यायचं मला."

पौलस चिडून बाहेर गेला. तिने मेल पुसली आणि दुसरी लिहिली. त्रेचाळीस ओळी, सगळ्या परत घेण्याच्या, आणि एकाही ओळीत क्वाएट नाही. तिला सगळ्यांना कळायलाच हवं होतं. पाचच मिनिटांत डोंगरातल्या त्रेचाळीस फोनांवर यादीवाल्याची स्वागताची मेल आली, आणि नंदुरबारच्या ऑफिसात त्रेचाळीस बदलांची खबर गेली.

अर्ध्या तासात ललितचा फोन आला. या वेळी त्याने ताई म्हटलं नाही.

"मॅडम, कंपनीच्या यंत्रात घुसणं गुन्हा आहे. सायबरला तक्रार करतो मी. या वयात पोलीस स्टेशनच्या खेपा घालायच्या आहेत का?"

"कर तक्रार. तपासायला ते आधी चार ऑगस्टची नोंद मागतील. माझ्याकडे तिच्या तीन प्रती आहेत."

"तुम्ही प्रकाशाला येऊ नका," तो म्हणाला. "लोक तापलेले आहेत. काही झालं तर मी जबाबदार नाही."

"आम्ही सगळे येतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सव्वीस तारखेला डोंगराकडून चार जीप भरून एकेचाळीस माणसं निघाली. दोघांना यायला जमलं नाही. सभा देवळाजवळच्या भक्तनिवासाच्या खालच्या हॉलमध्ये होती. दारात पाटलांकडची आठ-दहा जवान मंडळी उभी होती. त्यांनी वाट अडवली नाही, पण दिलीही नाही. प्रत्येकाला खांदा तिरका करून आत जावं लागलं. आत तापीकाठचे छप्पन्न लोक आधीच खुर्च्यांवर बसले होते. डोंगराकडच्यांना मागे सतरंजी टाकली होती. पौलसने ती सतरंजी पाहिली, तो जाऊन बाजूच्या खोलीतल्या खुर्च्या उचलून आणायला लागला, आणि मग त्याच्यामागून बाकीचेही गेले. खुर्च्या आपटल्याचा आवाज बराच वेळ होत राहिला. कोणीही त्यांना अडवलं नाही.

अध्यक्ष रतिलाल पाटील सत्तरीचे होते. कमी बोलणारे. दोन्हीकडचे लोक त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी इतिवृत्त वाचायला सांगितलं. ललित उभा राहिला, दोन ओळी वाचल्या आणि सुसाना उठली.

"अण्णा, चौदा सप्टेंबरची सभा नियमात नाही. आम्हाला नोटीस नाही."

"त्यांचे पत्ते बंद पडलेले होते," ललित लगेच म्हणाला. "मेल परत येत होत्या. यादी साफ केली. यात काही चोरी नाही. उलट परवा ह्या मॅडमनी यंत्रात घुसून नावं घातली. चोरी ती शे."

पुढच्या रांगांतून "बरोबर शे" असा गलका झाला. कोणीतरी "घर जाय" म्हणालं. सुसानाने तिकडे पाहिलं नाही.

"मी घातलेली नावं कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावरून घातली, ते नोंदीत लिहिलंय. मी लपवलेलं नाही. प्रत्येकाला मेल गेली, ऑफिसलाही गेली. आता ललितभाऊंनी काढलेल्या नावांची नोंद ऐका." तिने चष्मा घातला आणि कागद वाचला. तारीख, वेळ, हुकूम. पाच ओळी वाचून तिने कागद अण्णांपुढे ठेवला. "प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला क्वाएट आहे. म्हणजे गुपचूप काढ, त्या माणसाला कळवू नको. अण्णा, मला एवढंच सांगा. पत्ता जर बंद पडला होता, पलीकडे वाचणारंच कोणी नव्हतं, तर गुपचूप काढायचं कोणापासून?"

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला. हॉलमधला आवाज हळूहळू बसला.

"माले काय माहीत त्यातलं," ललित म्हणाला. "कॉम्प्युटर चारुलता पाहते. तिने काय लिहिलं, का लिहिलं, तिला विचारा. आणि ती शिकली कोणाकडे? ह्याच मॅडमकडे. दोघींचं काहीतरी आपसात असेल."

चारुलता भिंतीजवळ रजिस्टर घेऊन बसली होती. सुसानाने इतका वेळ तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं. आता पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"चारुलता," अण्णा म्हणाले, "तू सांग. कोनी सांगं तुले?"

"ललितभाऊनी सांगं." ती उठली नाही. "कागदवर नावं लिखीसन दिन्हात. एक नाव नही सोडं. तो कागद अजून मनापान शे."

"खोटं बोलतेय."

"नोटीस काढताना मी तुम्हाला म्हटलं होतं, हे अंगाशी येईल." तिचा आवाज चढला आणि ती शाळेच्या मराठीवर आली, जणू सगळ्यांनी शब्द नीट ऐकावेत. "तुम्ही म्हणालात, ते डोंगरातले आहेत, वर्षभर कळायचं नाही. आता माझ्या माथी मारता? मी तुमचं नाव सांगेन म्हणून भीती वाटली नाही तुम्हाला?"

ललित तिच्या दिशेने दोन पावलं गेला. पौलस आणि आणखी तिघे उठले. दारातली पोरं आत सरकली. एक खुर्ची पडली. अण्णांनी टेबलावर हात आपटला आणि ललितला नाव घेऊन बसायला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तो बसला.

मग अण्णांनी निर्णय दिला. चौदा सप्टेंबरची सभा रद्द. ललितने आजपासून यादीला हात लावायचा नाही. पासवर्ड नवीन करायचा आणि तो दोघांकडेच राहील, अण्णांकडे आणि सुसानाकडे. एकाने काही बदल केला की दुसऱ्याला खबर जायला हवी. ड्रायरचं मतदान पुन्हा घ्यायचं.

"एकवीस दिवसांची नोटीस काढून घ्या," सुसाना म्हणाली.

पण मागून तिचेच लोक ओरडले की आत्ताच घ्या, पुन्हा एक दिवस कोण मोडणार, पुन्हा जीपचं भाडं कोण देणार. तिने वळून पौलसकडे पाहिलं. तोही हात वर करून आत्ताच म्हणत होता. तिला गणित कळत होतं, आपले एकेचाळीस आणि समोरचे छप्पन्न. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना वाटत होतं, एवढं सगळं ऐकल्यावर समोरच्यांना लाज वाटेल.

हात वर झाले. विसरवाडीसाठी बेचाळीस, त्यात तापीकाठचा एक जण. प्रकाशासाठी एक्कावन्न. चौघांनी हात वर केलाच नाही आणि ते जमिनीकडे पाहत बसले.

ललित उठला. त्याने शर्टाची बाही खाली ओढली आणि सुसानाच्या अगदी समोर येऊन, फक्त तिला आणि आसपासच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "आते नियमप्रमाणे व्हयनं ना? नाराज असाल तर कंपनी सोडा. सोपं आहे. एक शब्द लिहून पाठवायचा, तुम्हाला तर पाठ आहे."

"नाही पाठवणार," सुसाना म्हणाली. "आमच्यातला एकही जण पाठवणार नाही. तू नोटीस काढशील, ती आम्हाला येईल. तू हिशोब पाठवशील, तो आम्ही वाचू. ड्रायर किती तास चालला, कोणाची मिरची आधी घेतली, सगळं तुला आम्हाला लिहून कळवावं लागेल. दर वेळी. तू सचिव असेपर्यंत."

ललितने काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि तो निघून गेला.

बाहेर, घाटाच्या पायऱ्यांजवळ, चारुलता चपला घालत होती. तिने रजिस्टर आत टेबलावरच ठेवलं होतं. सुसाना जवळ गेली, कारण तसंच निघून जाणं तिला जमलं नाही.

"तू खरं सांगितलंस."

"तुमच्यासाठी नाही सांगितलं." चारुलताने चपलेचा पट्टा ओढला. "त्याने माझं नाव घेतलं म्हणून सांगितलं. उद्यापासून मी घरी बसणार. तुमच्या लोकांना ड्रायर मिळाला नाही, मला नोकरी राहिली नाही. काय साधलंत, मॅडम?"

"पहिली ओळ माझ्या पत्त्याची होती, चारू. ती लिहिताना तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. म्हणून ती आधी लिहून टाकली." ती सरळ उभी राहिली. "आणि पासवर्ड बदल म्हणाला होता तो. मी बदलला म्हणून नुसतं सांगितलं. आता मला फोन करू नका."

ती रिक्षाकडे गेली. सुसानाने तिला थांबवलं नाही. तिच्या मनात राग तसाच होता. त्या शेवटच्या वाक्याने तो कमी झाला नाही, फक्त त्याला धरून ठेवणं कठीण झालं.

परतीच्या जीपमध्ये कोणी तिच्याशी नीट बोललं नाही. नंदुरबार ओलांडल्यावर वसाव्यांचा म्हातारा म्हणाला, "एवढ्या लांब आम्हाला हरायला नेलंस." पौलस काचेतून बाहेर पाहत राहिला. त्यांना चिडायचा हक्क आहे, आणि ललितवर चिडणं आज उपयोगाचं नाही म्हणून ते तिच्यावर चिडताहेत, हे तिला कळत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ड्रायर सुरू झाला. त्या दिवशी सकाळी पौलस परड्यात आला, आंब्याखाली उभा राहिला आणि त्याने फोन बहिणीपुढे धरला. यादीवरून मेल आली होती, सचिवाच्या नावाने, एकशे चार जणांना. गावागावांच्या पाळ्या लिहिल्या होत्या. डोंगराकडच्यांची पाळी सगळ्यात शेवटी, सतरा तारखेनंतर.

"शेवटी टाकलंय आपल्याला," तो म्हणाला.

"वाचलं मी."

"यादीच्या पत्त्यावर लिहिलं तर ते सगळ्यांना जातं ना?"

"एकशे चार जणांना."

पौलस खाटेवर बसला. चष्मा नव्हता म्हणून फोन लांब धरला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहायला लागला. ललितभाऊ, पाळ्या कोणत्या नियमाने लावल्या ते सर्वांना कळवावे. अर्ध्यावर त्याने विचारलं, "'सर्वांना' बरोबर लिहिलंय का?"

सुसानाने वाकून पाहिलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पाठव."